शीळफाट्याच्या भंगारात दोन जुने लोखंडी नांगर: बैलांचे की ट्रॅक्टरचे, आणि भातशेतीत चालतील का?

मुरबाडकर:
नमस्कार मंडळी. शीळफाट्याजवळ एका भंगारवाल्याकडे दोन जुने नांगर आलेत. किलोच्या भावाने देतोय, पण गॅसकटरखाली जायच्या आत ठरवायला हवं.

पहिला दोन फाळांचा आणि तीन चाकांचा आहे. डावं चाक मोठं, त्याच्या धावेवर आडवे दाते. पुढचं उजवं चाक गुळगुळीत. मागचं तिसरं लहान चाक तिरकं बसवलंय. दोन उभे लिव्हर, त्यांच्या बुडाशी दातेरी कमानी. डाव्या चाकाच्या तुंब्याला (मधल्या भागाला) लागून एक ओतीव डबा, त्यातून दांडी वर येते आणि दांडीच्या टोकाला कडी. बसायला सीट नाही, धरायला मूठ नाही. दोन फाळांमधलं आडवं अंतर १० इंच.

दुसरा एका फाळाचा. दोन मुठी, पुढे एक छोटं चाक, नाकावर खाचांची उभी पट्टी आणि साखळीचा आकडा.

नाव कुठेच वाचता येत नाही. एका ओतीव तुकड्यावर दोन इंग्रजी अक्षरं आणि तीन आकडे तेवढे दिसतात. कुठल्या कंपनीचे, कधीचे? आणि पहिला नांगर मुरबाडला भाताच्या खाचरात ३५ एचपी ट्रॅक्टरमागे लावता येईल का?

तासकरी:
नावाच्या मागे नंतर लागा. आधी बघायचं ते नांगर ओढायची जागा आणि उचलायची सोय. या दोन गोष्टी खोटं बोलत नाहीत. फाळ, चाकं, बोल्ट हे सगळं मधल्या काळात बदललेलं असू शकतं.

दुसरा नांगर माणसाने मागून चालत धरायचा, जनावरांनी ओढायचा. पुढचं चाक फक्त खोली कायम राखतं. पहिला नि:संशय ट्रॅक्टरमागे ओढायचा. तो डबा म्हणजे उचलायचा क्लच. ट्रॅक्टरवर बसलेला माणूस कडीला बांधलेली दोरी ओढतो, क्लच डाव्या चाकाला जोडला जातो, चाकाच्या अर्ध्या फेऱ्यात दोन्ही फाळ जमिनीबाहेर येतात आणि क्लच आपोआप सुटतो. पुन्हा दोरी ओढली की फाळ खाली. म्हणून त्या चाकाला दाते आहेत, जमिनीत पकड मिळाल्याशिवाय ते वजन उचलणार नाही. सीट नाही, कारण नांगरावर माणूसच बसत नाही. सीट असती तर तो जनावरांनी ओढायचा चाकांचा नांगर ठरला असता.

डावं चाक न नांगरलेल्या जमिनीवर चालतं, त्याच्या लिव्हरने खोली ठरते. पुढचं उजवं चाक तासात, म्हणजे नांगरटीने पडलेल्या चरात चालतं, त्याच्या लिव्हरने नांगर आडवा समतल करायचा. मागचं तिरकं चाक तासाच्या भिंतीला टेकून बाजूचा दाब घेतं.

बैलांचा नाही याचा हिशोबही सोपा आहे. दोन फाळ १० इंची म्हणजे साधारण ५० सेंमी रुंदी. १५ सेंमी खोल धरलं तर ७५० चौरस सेंमी मातीचा काप. मध्यम जमिनीत चौरस सेंमीला अर्धा किलो ओढ धरा, ३७५ किलो झाली. बैल दिवसभर आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढीच ओढ देतो, म्हणजे ८०० किलोच्या जोडीकडून ८० किलो. चार-पाच जोड्या लागतील.

काळाचं म्हणाल तर हॅरी फर्ग्युसनची तीन सांध्यांची हायड्रॉलिक जोडणी १९३९च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरबरोबर पसरली आणि पुढे नांगर ट्रॅक्टरलाच टांगले जाऊ लागले. ओढायचे नांगर लगेच बंद पडले नाहीत, पण दोरीचा क्लच असलेला तुमचा नांगर मला १९२० ते १९५०च्या दशकांतला वाटतो. लिव्हरच्या जागी तेलाचा सिलिंडर असता तर दुसऱ्या महायुद्धानंतरचा म्हणालो असतो.

ओतकाम:
तासकरींशी सहमत. आता नावाकडे वळू.

दोन अक्षरं आणि तीन आकडे हा बहुतेक त्या सुट्या भागाचा नंबर आहे, नांगराचा नाही. लोक तोच नंबर घेऊन शोधत बसतात आणि फसतात. कारखान्याचं नाव शोधायचं असेल तर फाळ आणि माती उलथणारा पत्रा ज्याला बोल्टने बसवलेत त्या बुडाच्या ओतीव तुकड्याची मागची बाजू, चाकाचा तुंबा, लिव्हरची कमान आणि क्लचच्या डब्याचं झाकण, एवढ्या जागा बघा. ग्राइंडर अजिबात लावू नका. उठावाची अक्षरं जेमतेम दीड-दोन मिलिमीटर उंच असतात, एका हातात साफ होतात. केरोसीन लावून रात्रभर ठेवा, पितळी ब्रशने घासा, कोरडं झाल्यावर खडू आडवा फिरवा आणि अंधारात टॉर्च बाजूने धरा. सावलीत अक्षर उभं राहतं. तरीही नाही उमटलं तर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा.

नाव सापडलं तर काळही सापडतो. नुसतं 'पी अँड ओ' असेल तर ती इलिनॉयमधली पार्लिन अँड ओरेनडॉर्फ, जी इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९१९ साली विकत घेतली. 'मॅसी-हॅरिस' असेल तर १९५३च्या आधीचा माल असण्याची शक्यता जास्त, कारण त्या साली फर्ग्युसनशी विलीनीकरण झालं. 'रॅन्सम्स, सिम्स अँड जेफरीज' म्हणजे इंग्लंडमधलं इप्सविच. एका फाळाच्या नांगरावर मात्र आधी देशी नावं शोधा. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली आणि लोखंडी नांगर हा तिथला सुरुवातीचा मुख्य माल. साताऱ्याचा कूपरचा कारखाना १९२२चा, तोही नांगरांपासूनच सुरू झाला. घाटावरून उतरलेल्या भंगारात हे दोन्ही असू शकतात.

आणखी एक खूण आहे. मूळचा वाटणारा अर्ध्या इंचाचा बोल्ट काढा आणि एका इंचात किती आटे आहेत ते मोजा. १२ आले तर व्हिटवर्थ मापाचे आटे, म्हणजे ब्रिटिश किंवा जुना भारतीय. १३ आले तर अमेरिकन. बोल्ट नेमका अर्ध्या इंचाचाच हवा. ३/८, ५/८ आणि ३/४ इंचाला दोन्हीकडे आट्यांची संख्या सारखीच, तिथे काही कळत नाही. एका बोल्टवर विसंबू नका, आतल्या बाजूचे तीन-चार तपासा.

धातूही तपासा. फाळाच्या कडेवर कानस फिरवा. नुसती घसरली, ओरखडा उठला नाही, तर ते थंड साच्यात ओतलेलं कडक बीड (ओतीव लोखंड) आहे. त्यावर हातोडा मारू नका, तुकडा उडेल. कानस चावली तर पोलाद. पोलादी फाळ लोहार तापवून, ठोकून टोक काढून देऊ शकतो. बिडाचा फाळ बदलायचाच असतो.

मुरबाडकर:
दोघांचेही आभार. आतल्या बाजूचे तीन बोल्ट काढले, तिन्हींना १२ आटे. फाळावर कानस घसरते. क्लचच्या झाकणावर खडू फिरवल्यावर शेवटी 'इप्सविच' स्पष्ट दिसलं. वरची ओळ झिजली आहे.

ओतकाम:
मग तो रॅन्सम्सचाच धरून चाला. कडक बिडाचे फाळ ही तर त्या घराण्याची जुनी ओळख, रॉबर्ट रॅन्समने १८०३ साली ते काढले. खालची बाजू कडक आणि वरची मऊ, त्यामुळे वरची आधी झिजते आणि धार आपोआप टिकते. झाकण आणि कमान जपून ठेवा. झाकणावर वेल्डिंग करायची वेळ आली तर साधा रॉड नको. बीड आधी तापवून निकेलच्या रॉडने छोटे छोटे टाके घाला आणि राखेत किंवा कोरड्या वाळूत सावकाश थंड होऊ द्या, नाहीतर शेजारीच नवी चीर जाते.

खारपट्टा_उरण:
नांगर सुंदर आहे, पण भाताच्या खाचरात घालू नका. तीन कारणं आहेत.

एक, वळण. ओढायच्या नांगराला ट्रॅक्टरमागे धरून दोन्ही टोकांना सहा-सात मीटर मोकळी जागा लागते आणि तो नीट मागे घेता येत नाही. आपली खाचरं केवढी? बांधाबांधाने नांगरट राहूनच जाईल, किंवा बांध फुटेल.

दोन, ओल. पाऊस पडल्यावर उखळणी (पहिली नांगरट) करायला गेलात की डावं चाक चिखलात नुसतं घसरतं. चाक फिरलं नाही तर क्लच उचलणार नाही. फाळ रुतलेले आणि समोर बांध, अशी गत होते. दात्यांमध्ये माती भरली तर कोरड्यातही हेच होतं.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. वर्षानुवर्षं चिखलणी करून खाचराच्या तळाशी जो घट्ट थर बसलेला असतो, त्याच्यावरच पाणी उभं राहतं. सहा-सात इंच खोल घातलेला जड नांगर तो थर फोडून उलथून टाकतो, मग पाणी ठरत नाही. आमच्या उरण-पनवेलच्या खारपट्ट्यात तर खालची खारी माती वर येते. लाकडी नांगराला फाळ छोटा आणि काप उथळ, ते उगीच नाही. खाचराला तोच किंवा पॉवर टिलर बरा.

तासकरी:
खाचराबद्दल उरणकरांचं बरोबर आहे. पण म्हणून नुसता गेटपाशी उभा करून रंग फासायचा, हेही मला पटत नाही. मुरबाडला वरकस, म्हणजे खाचराबाहेरचा उंचावरचा माळ असेल, दगड नसतील आणि सलग एकरभर तुकडा असेल, तर दिवाळीनंतर जमिनीत किंचित ओल असताना हा नांगर उत्तम चालेल. ३५ एचपी भरपूर झाले. वरची ३७५ किलो ओढ ताशी ४ किलोमीटर वेगाला साडेपाच एचपी मागते. काळ्या चिकण जमिनीत ६०० किलो धरली तरी नऊच्या आसपास. घसरण आणि चढ धरूनही ट्रॅक्टरला जड नाही. दगड असतील तर मात्र नको, बिडाचा फाळ एका धक्क्यात जाईल.

क्लच जाम असेल तर दोरी ओढून किंवा ट्रॅक्टरने हिसका देऊन सोडवायला जाऊ नका, आतला खटका तुटतो आणि तो बाजारात मिळत नाही. झाकण काढा, दगडासारखं झालेलं ग्रीस लाकडी काडीने खरवडा, डिझेल आणि गिअर ऑइल निम्मं-निम्मं भरून दोन-तीन दिवस ठेवा. मग डावं चाक जॅकवर घेऊन हाताने पुढे-मागे हलवा. खटक्याची स्प्रिंग मऊ झाली असेल तर नवी वळवून घ्या. स्प्रिंग सैल असली की क्लच अर्ध्या फेऱ्यात सुटत नाही आणि नांगर वर-खाली होत राहतो.

जोडणीत घाई नको. दोन्ही फाळांची मिळून २० इंच रुंदी, तिच्या उजव्या कडेपासून डावीकडे साडेबारा इंचांवर ओढीचा मध्य येतो. पुढच्या पट्टीतलं भोक निवडताना हा मध्य, ती पट्टी आणि ट्रॅक्टरच्या ड्रॉबारची (मागच्या ओढदांडीची) पिन एका रेषेत आणा. रेषा चुकली की नांगर तिरका चालतो आणि मागचं चाक तासाच्या भिंतीला घासत राहतं. उभ्या दिशेनेही तसंच. जोड फार वर घेतला तर पुढची चाकं दबतात आणि मागचं उचलतं, फार खाली घेतला तर नाक वर येतं आणि फाळ खोली धरत नाही.

नांगर सपाट फरशीवर उभा करून बाजूच्या पट्टीखाली (फाळामागची, तासाच्या भिंतीला लागून चालणारी पट्टी) सरळ फूटपट्टी धरा. फाळाचं टोक आणि बाजूच्या पट्टीची टाच टेकलेली, आणि मध्ये साधारण ५ मिमी फट हवी. ती फट राहिली नसेल तर फाळ झिजलेला आहे. मग लिव्हर कितीही खाली ओढा, नांगर जमिनीत शिरणार नाही. खरेदीआधी एवढं एक माप घेऊन इथे टाका, फाळाच्या मागच्या नंबराचा फोटोही टाका, म्हणजे बदली फाळाची चौकशी करता येईल.