तिसऱ्या (शिंपल्या), शेवटे मासे आणि जड धातू

मांडवीकाठ: गोव्याच्या खाणपट्ट्यातला गाळ पावसात मांडवी नदीत उतरतो. तिसऱ्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या तर शिसं, कॅडमियम निघतं का? घरात गरोदर सून आहे.

तिसवाडीकर: नाही हो. रात्रभरात वाळू पडते; धातू मांसात बसलेले असतात. शिजवूनही जात नाहीत, उलट पाणी आटलं की ग्रॅममागचं प्रमाण वाढतं. शेवटा चिखल चरतो, त्याची आतडी, काळीज, कल्ले पूर्ण काढा. कॅडमियम तिथंच जास्त साठतं. पारा मात्र मांसातच असतो, साल काढून उपयोग नाही.

नमुना_तपास: अहवाल हातात आला की आकडा ओल्या वजनाचा की सुक्या, ते आधी बघा. तिसरीत ८० टक्के पाणी धरलं तर सुक्याचा आकडा पाचपट दिसतो. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं) समुद्री शिंपल्यांसाठी, कालवं आणि स्कॅलप सोडून, कॅडमियमची मर्यादा किलोला २ मिलिग्रॅम आहे, तीही ओल्या वजनावर. नमुना स्टीलच्या सुरीने कापू नका, प्लास्टिकची घ्या.

तिसवाडीकर: सुनेसाठी पाऱ्याचा हिशेब महत्त्वाचा. मिथाइल पारा (माशात साठणारा पाऱ्याचा विषारी प्रकार) आठवड्याला शरीराच्या किलोमागे जास्तीत जास्त १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोला ९६ मायक्रोग्रॅम. माशात किलोला ०.५ मिलिग्रॅम असेल तर साधारण १९० ग्रॅममध्येच तेवढं भरतं. मोरी (शार्क) बंदच ठेवा. त्याऐवजी कमी पाऱ्याचे तारले, बांगडे द्या.