मदत हवी आहे : मुंबई ते न्यूयॉर्क, आईला कुठल्या मार्गाने न्यावं?

मंडळी, आईला न्यूयॉर्कला घेऊन जायचंय. तिचे गुडघे सारखे आखडतात, अर्धा तास बसली तरी उठताना हात द्यावा लागतो. मुंबईहून सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर, म्हणजे थेट विमानाने १५-१६ तास. दुबईमार्गे गेलं तरी पहिला टप्पा जेमतेम तीन तासांचा आणि पुढे पुन्हा चौदा तास बसणं आहेच! लंडनमार्गे मात्र ७,२०० आणि ५,५०० किलोमीटर अशी बरी विभागणी होते, एकूण अंतरही फारसं वाढत नाही. मला तोच मार्ग पटतोय.

ज्यांनी वयस्कर आईवडिलांना असं नेलंय, त्यांनी कृपया सांगा : लंडनला किती तासांचा थांबा ठेवावा? व्हीलचेअर वेळेवर मिळते का?