अनुभव धागा : वर्डमध्ये ठीक, पीडीएफमध्ये वाट

कॉम्प्युटरवर छान दिसणारं मराठी पीडीएफमध्ये गेलं की कधी चौकोनी डबे होतात, कधी जोडाक्षरं फुटतात. कधी तर सगळं ठीकठाक दिसतं, पण शोधायला गेलं की एक शब्द सापडत नाही. ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी लिहा. ‘दुसरा फॉन्ट वापरून बघा’ एवढ्यावर थांबू नका. नेमकं काय बिघडलं होतं तेही सांगा.

सुरुवात मीच करते. आमच्या सोसायटीचा वार्षिक अहवाल मी लिबरऑफिसमध्ये करते. शैलीत ‘मुक्ता’ फॉन्ट निवडला, आकार १२ ठेवला, तरी मराठीवर ढिम्म परिणाम नाही. तिथे रोमन लिपीचा फॉन्ट वेगळा आणि ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’चा, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांचा, वेगळा. आकारसुद्धा वेगळा. मराठी फक्त या दुसऱ्या खान्याचं ऐकते. खाना दिसत नसेल तर भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो.

डीटीपीवाला, पुणे

आप्पा बळवंत चौकाच्या आसपास पुस्तकं लावण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पेजमेकर आणि श्रीलिपी या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरच्या काळातले फॉन्ट युनिकोड नव्हते, म्हणजे त्यांत मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक नव्हते. देवनागरी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असायचे. म्हणजे फाइलच्या लेखी मजकूर इंग्रजीच, फक्त अंगावर मराठीचा सदरा. फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड झाला नाही, म्हणजे फाइलच्या आत भरला गेला नाही, की छापखान्याच्या मशीनवर टोप्या आणि टिंबं घातलेली युरोपीय अक्षरं उमटायची. अशा फाइली आजही येतात. लेखक घरून पेन ड्राइव्ह आणतात आणि ‘माझ्याकडे तर दिसतंय’ म्हणतात. दिसणारच, फॉन्ट त्यांच्या मशीनवर आहे ना!

तपासणी अगदी सोपी आहे. अ‍ॅडोबी रीडरमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीज उघडून ‘फॉन्ट्स’चा टॅब बघा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ असायला हवं. ते नसेल तर फाइल पुढे पाठवू नका. वर्डमधून काढताना ऑप्शन्समध्ये पीडीएफ/ए ची खूण करा. त्या मानकात फॉन्ट आत असणं सक्तीचंच आहे. काही फॉन्टच्या परवान्यात मात्र एम्बेड करायला मनाई असते आणि ती खूण फॉन्टच्या फाइलमध्येच असते. मग वर्ड त्या अक्षरांचं चित्र करून टाकतं आणि कडा फाटल्यासारख्या दिसतात.

‘सबसेट’ म्हणजे मजकुरात आलेली तेवढीच अक्षरं आत. प्रकाशक ऐनवेळी म्हणतात, पीडीएफमध्येच एक शब्द बदल. त्या शब्दात ‘ज्ञ’ असतो आणि तो पुस्तकात दुसरीकडे कुठेच नसतो. मुकाट मूळ फाइलकडे जावं लागतं.

इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटली तर फॉन्टच्या मागे लागू नका. परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावा. मुखपृष्ठ कोरलड्रॉमध्ये असेल तर कंट्रोल-क्यू मारून कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषाकृती करून द्या, मग फॉन्टची कटकटच मिटली.

सर्व्हरवाली, ठाणे

आमचं सॉफ्टवेअर शिकवणी वर्गांच्या फीच्या पावत्या काढतं. माझ्या लॅपटॉपवर उत्तम, सर्व्हरवर मात्र नावांच्या जागी चौकोन. तिथे बसवलेल्या लिनक्सच्या काटछाट केलेल्या आवृत्तीत देवनागरी फॉन्टच नव्हता. नोटो टाकला, चौकोन गेले.

त्यानंतर खरं दुखणं वर आलं. ‘विद्यार्थी’मधली पहिली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे, ‘द’चा पाय मोडलेला आणि रफार डोक्यावर चढायच्या ऐवजी खाली ‘र्’ होऊन उभा. टीममधल्या प्रत्येकाने आपापला आवडता फॉन्ट सुचवला. सगळे लावून झाले, रफार जागचा हलेना. कारण फॉन्टचा दोषच नव्हता. अक्षरं जुळवायचे नियम फॉन्टमध्ये असतात, पण ते वाचून अमलात आणणारं शेपिंग इंजिन लागतं, उदाहरणार्थ हार्फबझ. आमची पीडीएफ लायब्ररी, म्हणजे पीडीएफ बनवणारा तयार कोड, एकेक अक्षर उचलून ओळीने मांडत होती. इंग्रजीत तेवढ्यावर भागतं.

पीएचपी भाषेत एमपीडीएफ ही लायब्ररी वापरत असाल तर फॉन्टच्या नोंदीत ओपनटाइप लेआउटचा पर्याय चालू करा. न केल्यास तिथेही हेच होतं. आम्ही शेवटी पावती एचटीएमएलमध्ये मांडून हेडलेस क्रोमकडून (खिडकी न उघडता चालणारा क्रोम ब्राउझर) पीडीएफ करून घेतो. सर्व्हरवर भार पडतो, पण मराठी शाबूत राहते. माझं स्पष्ट मत : चौकोन दिसले तर फॉन्ट शोधा, अक्षरं फुटली तर लायब्ररी बदला.

जि. प. शाळेतला शिक्षक

आमचं थोडक्यात. प्रश्नपत्रिका मोबाइलवर नीट दिसते, तालुक्याच्या दुकानात छापली की कचरा. फाइल बरोबर होती, गोंधळ प्रिंटरच्या ड्रायव्हरचा. रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ आहे, ते लावलं की निघते. वेळ लागतो, पण निघते.

प्रबंधवाली, मराठी विभाग

झीलाटेकमध्ये (XeLaTeX, आज्ञा लिहून मजकूर मांडायचं सॉफ्टवेअर) फॉन्ट सांगताना लिपी देवनागरी असं लिहायचं राहिलं तर जोडाक्षरं फुटतात, आणि भाषा मराठी असं लिहिलं नाही तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. २००९ च्या शासन निर्णयातले पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हवे असतील तर ती दुसरी ओळ विसरू नका. फॉन्टमध्येही मराठी रूपं असायला हवीत, नोटोमध्ये आहेत. मार्गदर्शकांच्या नजरेतून हिंदी ‘ल’ सुटत नाही!

ऐकून वाचणारा, नाशिक

डीटीपीवाल्या दादांना एक विनंती. मला दिसत नाही, मी एनव्हीडीए या पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ऐकून वाचतो. कर्व्ह केलेली पानं माझ्यासाठी कोरी असतात. जुन्या फॉन्टची पीडीएफ, फॉन्ट आत असला तरी, इंग्रजी अक्षरांची बडबड म्हणून ऐकू येते. तुम्ही सगळे ‘सुटलं’ म्हणताय ते डोळ्यांपुरतं सुटलंय.

युनिकोडमध्येही घोळ असतो. पीडीएफ अक्षरांच्या आकृत्या पानावर जागच्या जागी ठेवते. कोणती आकृती म्हणजे कोणतं अक्षर, याचा तक्ता सोबत असतो. तो अर्धवट असला की जोडाक्षरं गळतात. शिवाय पहिली वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून काही फाइलींमधून ती व्यंजनाच्या आधीच बाहेर पडते. शोध लागत नाही तो यामुळेच.

माझा उपाय टेसरॅक्ट. पानांची चित्रं करून त्याने मराठी ओसीआर चालवतो, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करून घेतो. अनुस्वार गाळतं, पण कथा कळते. मूळ फाइल मिळाली तर जुन्या फॉन्टवरून युनिकोड करून देणारे परिवर्तक आहेत, ते केव्हाही बरे.

डीटीपीवाला, पुणे

नाशिककर, पटलं. कर्व्हचं मी मुखपृष्ठापुरतं म्हटलं होतं, पण आतली पानंसुद्धा कर्व्ह करून मागणारे छापखाने आहेत, हे खरं. लहान टाइप तसाही थोडा जाड दिसायला लागतो. युनिकोडमध्ये लावलेल्या पुस्तकाच्या दोन पीडीएफ काढायला वेळ लागत नाही : छापखान्याला कर्व्ह, वाचकाला मजकुराची. प्रकाशक दुसरी मागतच नाहीत, म्हणून कुणी काढत नाही. मजकुराची म्हणून मिळाली तरी तिच्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. ‘स्थिती’, ‘वर्षी’, ‘ज्ञानेश्वर’ असे शब्द असलेली ओळ निवडा, साध्या शब्दांत चूक दिसत नाही.