शोकांतिका, शोकात्मिका आणि कार्टूनमधील हॅम्लेट

कार्टून मालिकेत हॅम्लेट आला तर त्याला ‘शोकांतिकेचा संदर्भ’ म्हणावे की ‘शोकात्मिकेचे विडंबन’, असा प्रश्न आहे. माझ्या मते येथे दोन शब्दजोड्या एकमेकींत गुंतल्या आहेत.

‘शोकांतिका’ शब्दाचा भर शेवटावर आहे. ‘शोकात्मिका’ म्हणताना शोक हा नाटकाचा आत्मा मानलेला असतो, मग शेवट कसाही असो. एरवी हा भेद पुस्तकी वाटतो, आणि गटार तुंबले तरी ‘हीच खरी शोकांतिका’ असे लिहून वृत्तपत्रांनी पहिल्या शब्दाचा पार चोथा केला आहे. परंतु ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेचे दोन भाग शेजारी ठेवले की तो लख्ख दिसतो. २००२ च्या भागात घरातला मुलगा बार्ट हा हॅम्लेट होतो. हॅम्लेटचा प्रतिस्पर्धी लेअर्टिस तलवारीचा सराव करताना स्वतःलाच भोसकून घेतो, सूड उगवल्यावर बार्ट रक्तावरून घसरून मरतो, आणि एवढा पसारा आवरायला नको म्हणून राणी झालेली बार्टची आई मार्ज स्वतःच्या डोक्यात गदा हाणून घेते. प्रेतांचा हिशेब शेक्सपिअरशी बराच जुळतो, शोकाचा मुळीच नाही. उलट १९९२ च्या भागात मार्ज नाटककार टेनेसी विल्यम्सच्या शोकांत नायिकेची, ब्लांशची, भूमिका करते. त्या संगीत प्रयोगाचा शेवट आनंदी गाण्याने होतो, तरी प्रेक्षकांत बसलेल्या तिच्या नवऱ्याला, होमरला, ब्लांशची वेदना पोहोचते आणि तिच्याशी क्रूरपणे वागणाऱ्या स्टॅन्लीत तो स्वतःला ओळखतो. पहिला भाग शोकांत आहे पण शोकात्म नाही. दुसऱ्यात शोक आहे, शोकांत मात्र नाही.

आम्हा बेळगावकरांना ही फाळणी कन्नडातही भेटते. केशकर्तनालयात बाकावर पडलेल्या कन्नड वृत्तपत्रात रेल्वे अपघाताच्या मथळ्यात ‘दुरंत’ असते आणि शोकांत नाटकही ‘दुरंत नाटक’च असते, म्हणजे भर पुन्हा शेवटावर. कन्नड समीक्षेतील ‘रुद्रनाटक’ हा शब्द मात्र भावाकडे बोट दाखवतो, तेही शोकापेक्षा भीषणतेकडे. मला तो हेवा वाटण्याइतका आवडतो.

आता दुसरी जोडी, ‘संदर्भ’ आणि ‘विडंबन’. पात्राने कवटी हातात धरून एखादी ओळ म्हटली, तर तो ‘उल्लेख’. नाव न घेता तसा प्रसंग केवळ सुचवला, तर ‘सूचन’. सबंध कथानक उचलून त्याची थट्टा केली, तरच ‘विडंबन’. ‘संदर्भ’ हा शब्द तळटीप आणि पूर्वापर संबंध यांनाही लागत असल्याने मी तो येथे टाळीन.

‘विडंबना’ मात्र कृपया लिहू नये. कन्नडात ‘विडंबने’ म्हणजे उपरोधिक थट्टा, मराठीत ‘विडंबना’ म्हणजे अवहेलना. कन्नड माध्यमात शिकणाऱ्या माझ्या भाचीने निबंधात ‘हॅम्लेटची विडंबना’ लिहिले होते. मी ‘ना’च्या कान्यावर काट मारली, तेव्हा ती म्हणाली, “मामा, त्या बिचाऱ्याची तीपण झालीच की!”