एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर स्वतःचा एसी दुरुस्तीचा व्यवसाय सुरू करावा का?

सावईकर

नमस्कार. माझे वय 47. फोंड्यात राहतो आणि वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात युटिलिटी विभागाचा पर्यवेक्षक आहे. चिलर (पाणी थंड करणारे मोठे यंत्र), बॉयलर, कंप्रेसर आणि एसी प्लांट यांची देखभाल माझ्याकडे असते. या कारखान्यात मला 19 वर्षे 3 महिने झाली. गेल्या वर्षभरात आमच्या विभागातील दोन पाळ्या कंत्राटदाराकडे गेल्या, त्यांची माणसे मीच शिकवून तयार केली आणि आता उरलेली पाळीही जाणार असे उघडपणे बोलले जाते. मला कोणीही जा म्हटलेले नाही. मात्र ज्याला पाना कसा धरायचा हे मी दाखवले, तो मुलगा उद्या माझ्या जागी उभा राहणार हे दिसत असताना सकाळी सहाला कंपनीच्या बसमध्ये चढणे जड जाते.

हातात 43,000 रुपये येतात. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 26,000 आहे. घरकर्जाचा हप्ता 14,500 रुपये असून अजून 7 वर्षे बाकी आहेत. मुलगी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुलगा नववीत. पत्नी बालवाडीत शिकवते, मानधन थोडे आहे. बँकेत 4 लाख रुपये आहेत. सावईवेऱ्याच्या कुळागरात वाटा आहे खरा, पण सुपारीचे पैसे तीन भावांत वाटल्यावर चतुर्थीचा खर्च निघतो, तेवढेच.

फोंड्यात एक गाळा महिना 9,000 रुपये भाड्याने मिळत आहे आणि तेथे एसी-फ्रीज दुरुस्ती सुरू करण्याचा विचार आहे. हेच काम करणारा माझा एक जुना सहकारी म्हणतो की हंगामात महिन्याला 70,000 रुपये मिळतात. सरकारी नाही तर निदान कंपनीची तरी नोकरी हवीच, असे मानणाऱ्या घरात मी वाढलो. हा विचार ऐकल्यापासून आई दोन दिवस माझ्याशी धड बोललेली नाही. ज्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

लेखावही, म्हापसा

मी लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहिते आणि माझ्या पतीनेही 44 व्या वर्षी नोकरी सोडून छपाईचा व्यवसाय सुरू केला, त्यामुळे हे उत्तर अर्धे वहीतून आणि अर्धे घरातून आलेले आहे असे समजा.

आधी त्या 70,000 विषयी. ही आवक आहे की शिल्लक, हे तुमच्या सहकाऱ्याला स्पष्ट विचारा. माझ्याकडे वह्या घेऊन येणाऱ्यांपैकी बरेच जण गल्ल्यात पडलेल्या पैशालाच कमाई म्हणतात. त्यातून सुटे भाग, गॅस, मदतनिसाचा पगार, पेट्रोल, गाळ्याचे भाडे आणि बुडालेली बिले वजा केली की चेहरा बदलतो, आणि पावसाळ्याचे महिने मिसळून बारा महिन्यांची सरासरी काढली की तो आणखी बदलतो. त्याच्या 70,000 मधून निम्मे उरत असतील तर तो नेटका माणूस आहे असे मी म्हणेन.

दुसरीकडे, तुमची नोकरी 43,000 ची नाही. पीएफमध्ये तुमचे 12 टक्के म्हणजे 3,120 रुपये जातात, तेवढेच कंपनी भरते, आणि ग्रॅच्युइटीही महिन्याला सुमारे 1,250 रुपयांनी वाढत असते. हे मिळवले की 50,000 ओलांडतात. बस, कॅन्टीन आणि गट विमा वेगळा. तेव्हा व्यवसायातून वर्षभराच्या सरासरीने 50,000 उरू लागले तरच तुम्ही आज आहात तेथे राहाल. पहिल्या वर्षी ते होणार नाही असे गृहीत धरून, हप्ता आणि घरखर्च मिळून निदान वर्षभर पुरेल एवढी रक्कम व्यवसायाच्या भांडवलापासून वेगळी ठेवावी लागेल. बँकेतील 4 लाख या दोन्हींसाठी पुरणार नाहीत. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही हे खरे, पण हप्ता लागतो. जीएसटीची चिंता मात्र आताच करू नका. सेवा व्यवसायाला वार्षिक 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. कितीही राग आला तरी अजून नऊ महिने राजीनामा देऊ नका. ग्रॅच्युइटी दर वर्षाला 15 दिवसांच्या वेतनाप्रमाणे, 26 दिवसांचा महिना धरून मोजतात, म्हणजे तुमच्या वेतनावर वर्षाला 15,000. आज सोडलीत तर 19 वर्षांचे 2,85,000 मिळतील, 20 पूर्ण केलीत तर 3 लाख. हा फरक किरकोळ आहे. मोठा फरक पेन्शनमध्ये आहे: पीएफशी जोडलेल्या पेन्शन योजनेत 20 वर्षांची सेवा पूर्ण झालेल्या सदस्याला 58 व्या वर्षी पेन्शन ठरवताना सेवेत 2 वर्षे वाढवून धरली जातात, आणि ती तुमच्या हातातोंडाशी आलेली आहेत. सोडताना पीएफचे पैसे दुकानात घालू नका, खाते तसेच राहू द्या. त्यावर व्याज मिळत राहते, फक्त नोकरी सुटल्यानंतरचे व्याज करपात्र धरले जाते.

विमाही नोकरीत असतानाच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांना नवी पॉलिसी 3 वर्षांपर्यंत थांबवून ठेवू शकते. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड नूतनीकरण केलेले आहे का तेही पाहा. चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला त्यात वर्षाला 4 लाखांपर्यंतचे संरक्षण आहे.

एक गोष्ट खटकली, तीही लिहिते. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात पत्नीचा उल्लेख एकदाच, तोही मानधनापुरता आला आहे. घरातला एक माणूस स्वतःचा व्यवसाय काढतो तेव्हा दुसरा माणूस न विचारता नोकरीला लागतो. गिऱ्हाइकांचे फोन, भागांची यादी, वसुलीची आठवण, रात्री दहाला आलेल्या माणसाला चहा, हे सगळे कोणी करायचे ते आधी ठरवा. आमच्याकडे पहिली तीन वर्षे लग्नपत्रिकांची प्रुफे रात्री मी तपासत होते आणि वहीत माझ्या नावाने एक रुपयाही खर्ची पडलेला नव्हता. वही लिहिणारी मीच, तरी हे माझ्या ध्यानात यायला तीन वर्षे लागली.

डिचोलीचा टेम्पोवाला

लेखावहींचे आकडे बरोबरच असतील. मी वेगळे सांगतो. 2009 मध्ये एका दुकानातील बारा वर्षांची नोकरी सोडून मी कर्जावर खनिजवाहतुकीचा ट्रक घेतला. तेव्हा आमच्या डिचोली-साखळी भागात चहाच्या टपरीवरही खेपांचेच हिशेब चालत. लोक मला पात्रांव, म्हणजे मालक, म्हणू लागले आणि खोटे कशाला बोलू, ते आवडतही होते. सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. बॅटरी उतरू नये म्हणून मी दर रविवारी सकाळी ट्रक दहा मिनिटे सुरू करून ठेवत असे. केबिनमधली तांबडी धूळ कधी पुसली नाही, कारण उद्या परवा पुन्हा खेपा लागतील असे वाटे. पुढच्या पावसाळ्यात मागच्या चाकांवर वेल चढली, तेव्हा रविवारचे ते कामही थांबवले. खाणी मध्यंतरी सुरू झाल्या आणि फेब्रुवारी 2018 च्या निकालात 88 खाणपट्टे रद्द झाल्यावर मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. तोवर माझा ट्रक विकला गेला होता.

हे सांगण्याचे कारण असे की मी स्वतःला मालक समजत होतो तेव्हा खेपेचा दर, खेपांची संख्या आणि रांगेतला क्रमांक हे तिन्ही दुसऱ्याच्या हाती होते, आणि माझ्या मालकीचे असे एक कर्जच काय ते होते. नोकरीत निदान पीएफ तरी असतो. आज लहान टेम्पोवर चिरे, भाजी, मंडपाचे सामान असे मिळेल ते वाहतो, मिळकत त्या दिवसांच्या निम्मीही नाही, पण सतरा-अठरा ठरलेली गिऱ्हाइके आहेत आणि त्यांतले एक तुटले तरी रात्री झोप लागते. तुमचा गाळा उघडल्यावर एखाद्या मोठ्या हॉटेलचे किंवा तुमच्याच कारखान्याचे कंत्राट मिळाले आणि त्यावरच घर चालू लागले, तर तुम्ही नोकरी सोडली असे मी मानणार नाही.

सासष्टीचा मेकॅनिक

बावीस वर्षे याच धंद्यात आहे, म्हणून थोडे खडसावून लिहितो. कारखान्यातला चिलर चालवणे आणि कोलव्याच्या हॉटेलात तिसऱ्या मजल्यावर दोरीला लटकून आउटडोअर युनिट उतरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. किनाऱ्याजवळ खारा वारा कॉइल खातो. काही ठिकाणी पत्र्याच्या पात्या बोटाने दाबल्या तरी भुगा होतो. गिऱ्हाईक म्हणते, गॅस भरून द्या. गळती शोधून, ब्रेझिंगने ती झाळून बंद करून, नायट्रोजनने दाब तपासून, व्हॅक्यूम पंप लावून मगच गॅस भरला तर दर जास्त पडतो आणि ते काम शेजारचा मुलगा अर्ध्या पैशात, व्हॅक्यूम न करता करून जातो. तीन महिन्यांनी तो एसी पुन्हा गरम हवा फेकतो आणि तेव्हा तुमची आठवण होते. तोवर गाळ्याचे भाडे भरायचे असते. शिवाय जुन्या एसींतील आर-22 गॅस 2030 पर्यंत बंद व्हायचा आहे, नव्या इन्व्हर्टर एसींत आर-32 आहे, जो काही प्रमाणात ज्वलनशील असतो, त्यामुळे हात नव्याने बसवावा लागतो. पीसीबी, म्हणजे एसीतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाची दुरुस्ती तर सत्तेचाळिसाव्या वर्षी डोळ्यांना चष्मा लावूनच शिकावी लागेल.

वसुलीचेही ऐका. उद्यम नोंदणी फुकट होते आणि ती असलेल्या लहान व्यावसायिकाचे बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते केले पाहिजे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते, असा कायदा आहे. एका हॉटेलकडे माझे गेल्या डिसेंबरचे बिल अजून अडकले आहे. पण पुढच्या हंगामाचे काम त्याच्याकडूनच हवे असल्यामुळे तक्रार गुदरण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही.

इतके बोलून झाल्यावर आता तुमच्या बाजूचे. तुम्ही घरगुती एसीच्या मागे लागूच नका, तेथे तुमच्यासारखे शेकडो आहेत. चिलर आणि ब्राइनवर (थंडावा वाहून नेणाऱ्या मिठाच्या पाण्यावर) एकोणीस वर्षे काढलेला माणूस बर्फाचे कारखाने, मासळीची शीतगृहे आणि हॉटेलांच्या कोल्ड रूम यांना हवा असतो, आणि तसा मिळत नाही. आणखी एक फायदा असा की 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते. हॉटेलांचे काम पावसात ओसरलेले असते, त्याच वेळी बर्फाचे कारखानेही बंद असतात आणि माझ्याकडची ओव्हरहॉलची बरीचशी कामे त्या 61 दिवसांतच होतात. पावसाळ्याच्या ज्या दोन महिन्यांची एसीवाल्यांना भीती वाटते, ते या कामात सुगीचे असतात. त्यासाठी फोंड्यात गाळा लागत नाही, अवजारे ठेवायला घराची पडवी आणि एक चांगली गाडी पुरते. गाळ्याचे 9,000 वाचवा.

कुडचडेचा परतलेला

वायरिंगची कंत्राटे सहा वर्षे घेतली आणि 51 व्या वर्षी पुन्हा नोकरीत शिरलो. काम भरपूर होते. मला पैसे मागता येत नव्हते. ओळखीच्या माणसाला तिसऱ्यांदा फोन करून बिलाची आठवण करून देताना माझा घसा सुकायचा, आणि कुडचड्यात सगळेच ओळखीचे. आज पगार कमी आहे, पण पहिल्या तारखेला कोणाला फोन करावा लागत नाही. तुम्ही असे फोन करू शकता का, ते राजीनाम्याआधी एकदा करून पाहा.

सावईकर

सर्वांचे आभार. लेखावहींचे उत्तर पत्नीला वाचायला दिले. त्यातला शेवटचा परिच्छेद तिने दोनदा वाचला, मग सांगितले की संध्याकाळी सातनंतर गिऱ्हाइकांचे फोन ती उचलणार नाही आणि तिच्या कामाचे पैसे वहीत लिहिले जातील. आईला अजून काही सांगितलेले नाही.

सहकाऱ्याला आकड्याविषयी विचारले. 70,000 ही आवक निघाली, तीही एप्रिल आणि मे या दोनच महिन्यांची. गाळ्याला नकार कळवला. नोव्हेंबरमध्ये 20 वर्षे पूर्ण होतात, तोपर्यंत कारखान्यातच आहे. कंपनीने त्याआधीच पाळी कंत्राटदाराला दिली तर काय देणी लागतात, ते आजच पर्सोनेल विभागाला लेखी विचारले आहे. नेमणूकपत्रात दुसरे काम करण्यास मनाई असल्याचे आढळले, त्यामुळे आत्ताच सुट्टीच्या दिवशी पैसे घेऊन कामे करण्याचा मार्ग बंद आहे. मात्र माझी अर्जित रजा बरीच साठलेली आहे. मेकॅनिकसाहेब, जूनमध्ये एखादे ओव्हरहॉल मोबदल्याशिवाय नुसते पाहायला आलो तर चालेल का?

सासष्टीचा मेकॅनिक

जूनच्या पहिल्या आठवड्यात कुटबणला एका बर्फाच्या कारखान्याचा अमोनिया कंप्रेसर उघडणार आहोत, सकाळी सातला या. नुसते पाहायला कोणी देणार नाही, पाना हातात येईलच. जुना शर्ट घालून या, त्या तेलाचा डाग निघत नाही.