टपालाने बियाणं कुठून मागवावं?

गेल्या जूनमध्ये ऑनलाइन मागवलेल्या घेवड्याच्या वीस बियांपैकी तीनच उगवल्या. बाकीच्या उकरून पाहिल्या, तर आत नुसता भुगा. आईच्या परसातला तो जांभळ्या शिरांचा घेवडा मला गच्चीवर परत हवाय. कुणाकडून मागवू?

— आधी पाकिटावरची उगवण चाचणीची तारीख बघा. तिथून नऊ महिनेच मुदत. फोटोत तारीख दिसत नसेल तर मी मागवतच नाही.

— ताई, गावरानच घ्या, म्हणजे घरचं बी धरता येईल. अकोले तालुक्यात कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांची बीजबँक आहे, तिथे विचारा. आलं की दहा बिया ओल्या फडक्यात बांधून बघा.

— तारीख मी पाहिलीच नव्हती हो! कोंभाळण्याला आजच विचारते.