बाळंतपणात सोबतीला कोण? डूला, आशाताई की घरचं माणूस (बजेट ५ हजार)

खाडीकाठ (धागाकर्ती): बहिणीचं पहिलं बाळंतपण, ३४वा आठवडा. माहेर राजापूर तालुक्यात, तारीख ऐन जुलैतली. नाव सरकारी रुग्णालयात घातलंय. कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत जवळ बसणारं जाणतं माणूस हवंय. डूला, म्हणजे पैसे घेऊन अशी सोबत करणारी शिकलेली बाई, मिळेल का? बजेट ५ हजार, त्यातच गाडी. बजेट वाचून सांगा, प्लीज.

मुंबैची_माई: डोळे मिटून डूला घ्या. आम्ही २५ हजार मोजले, पै न पै वसूल. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासतात तो) २६ चाचण्या, १५ हजारांवर बायका होत्या. कुणीतरी सतत सोबत असलं की सिझर कमी, कळांचा काळही कमी.

घाटावरचा_जावई: माई, ५ हजार म्हणालीय ती. ऑनलाइन डूला घ्या, ८ हजारांत व्हिडिओ कॉलवर असते.

देवगडकरीण: जुलैत राजापुरात रेंज? लाइट असली तरी पुष्कळ. आणि ८ म्हणजे ५ नव्हे.

निवृत्त_सिस्टर: आधी नियम बघा. २०१६च्या केंद्राच्या सूचनांप्रमाणे सरकारी लेबर रूममध्ये एक सोबतीण चालते, पण नात्यातली बाई, शक्यतो स्वतःचं बाळंतपण झालेली. आडोसा नीट असेल तिथे नवराही चालतो. पैसे देऊन आणलेली डूला दारातच अडेल. आत्ताच जाऊन इन्चार्ज सिस्टरकडे सोबतिणीचं नाव सांगून ठेवा. तिला ताप-खोकला नको, कपडे धुतलेले, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईत लक्ष घालायचं नाही.

आता काम. कळ चढली की बाईनं खाटेला धरून पुढे वाकायचं. कमरेखाली दोन खळ्यांच्या मधे सपाट हाड लागतं, त्यावर मनगटाजवळचा तळवा रोवून कळ ओसरेपर्यंत सरळ दाब द्यायचा. चोळत बसू नका, दहा तासांत कातडी सोलवटते. दर दोन तासांनी लघवीला न्या, भरलेली लघवीची पिशवी बाळाचं डोकं खाली येऊ देत नाही. सिस्टरला विचारून घोट घोट पाणी, पेज. "जोर कर" हे सोबतिणीनं म्हणायचंच नाही. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडण्याआधी जोर केला तर ते सुजतं आणि बाई दमून जाते. वरून पोट दाबायचं नाही.

मालवणी_आजी: गो बाय, एवढे पैशे कित्याक घालवतस? नववो लागलो की एरंडेल पाज.

निवृत्त_सिस्टर: आजी, नको. जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं, मग कळांना ताकद कुठली? कळा वाढवायचं इंजेक्शनही घरी कुणाकडून घेऊ नका, गर्भपिशवी फाटू शकते.



धनगरवाडा: कम्युनिटी डूला असाही एक प्रकार असतो, माईंची २५ हजारवाली ती नव्हे. अमेरिकेत बाळंतपणात काळ्या बायका गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट प्रमाणात दगावतात. म्हणून तिथे त्याच वस्तीतली, त्याच बोलीतली बाई शिकवून तयार करतात. आधी घरी फेऱ्या, कळांत सोबत, नंतर बाळ नीट पितंय ना इथपर्यंत. ओरेगन, मिनेसोटात तिचे पैसे मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी विमा, भरतो. नाहीतर जिला गरज तिलाच परवडत नाही. आमच्या वाड्यावर कोण येतंय २५ हजारांत?

देवगडकरीण: आशाताई आहे की.

धनगरवाडा: तिच्या अंगावर हजारभर लोकवस्ती आणि वर नोंदवह्या, रात्रभर कशी बसेल? तिचा उपयोग नंतर. रुग्णालयात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी ती घरी यायला हवी. नाही आली तर फोन करा.

घाटावरचा_जावई: फाइल, आधार, पासबुक एका पिशवीत ठेवा.

निवृत्त_सिस्टर: गाडीला पैसे कशाला? जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११) सरकारी रुग्णालयात नेणं, परत सोडणं, औषधं, सिझर सगळं मोफत. जेवण साध्या बाळंतपणात ३ दिवस, सिझरला ७. पण पावसात १०८ला झाड आडवं येतं. दोन खासगी गाडीवाल्यांचे नंबर हवेतच, त्यातला एक रस्ता बंद पडतो त्याच्या पलीकडचा. एरवी ५ मिनिटांवर कळा येईपर्यंत थांबतात, तुम्ही १० मिनिटांवरच निघा. पाणमोट फुटून पाणी हिरवट दिसलं, रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळांची वाट बघू नका. घरी आल्यावर तासाभरात पॅड चिंब झालं तर परत रुग्णालयात.

देवगडकरीण: फाइल आणि पासबुक विसरू नका. आणि आत आईच हवी, सासू नको.

मुंबैची_माई: सासू तर अजिबात नको! डूला घ्या.

घाटावरचा_जावई: +१, सासू नको.

खाडीकाठ: सगळ्यांचे आभार. बहिणीच्या सासूबाईच येणार आहेत. आईला रक्त बघून घेरी येते, आणि सिस्टरनी सांगितलेला दाब काल दोघींना देऊन बघायला लावला. आईचा हात तिसऱ्या मिनिटाला लटपटला. सासूबाई वीस मिनिटं दाबत होत्या आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. ५ हजार गाडीसाठी बाजूला ठेवलेत, दुसरा गाडीवाला पलीकडच्या ओणी गावचा मिळालाय.